गुंतवणुकीचा पुढचा राउंड बंद होण्यापूर्वी

संचालक मंडळास,

हे पत्र आम्ही सर्व मिळून लिहीत आहोत. आजी कर्मचारी आणि माजी कर्मचारी. पुण्यात ज्यांनी ही कंपनी पहिल्या मजल्यापासून उभी केली, ते सगळे.

आम्ही ईसॉपबद्दल मेल लिहिले. टाउन हॉलमध्ये विचारलं. विषय बोर्डासमोर आहे, असं एचआरने सांगितलं. आम्ही थांबलो. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं.

आता थांबणार नाही.

नोकरी देताना पगार बाजारापेक्षा कमी ठेवलात. फरक ईसॉपमधून, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्कातून, भरून निघेल, असा शब्द दिलात. पहिल्या वर्षात काही नाही, चार वर्षांत पूर्ण व्हेस्टिंग, म्हणजे सगळे ऑप्शन आमच्या हक्काचे. ही अट आम्ही पाळली.

तुमची अट पुढे कळली. कंपनी सोडल्यावर 90 दिवस. तेवढ्यात ऑप्शन वापरा, नाहीतर गेले.

हिशेब मांडतो. ऑप्शन 1,000. वापरायची किंमत 100 रुपये. मर्चंट बँकरने काढलेला भाव 2,100. कंपनीला भरायचे 1 लाख. फरकाचे 20 लाख आयकराच्या लेखी पगार. 30 टक्क्यांनी 6 लाख कर, वर उपकर. 7 लाखांहून जास्त रोख मोजायची आणि घ्यायचा असा शेअर, जो कुठल्याही बाजारात विकता येत नाही.

नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाने हे पैसे तीन महिन्यांत कुठून आणायचे? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. लॅप्स झालेले ऑप्शन परत कंपनीच्या पूलमध्ये जातात, हेही ठाऊक आहे.

2020 च्या अर्थसंकल्पाने ठरावीक स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत दिली. नोकरी सुटली की ती संपते. कर सरकारचा आहे. 90 दिवसांची मुदत मात्र तुमची आहे. कायद्यात ती कुठेही नाही.

कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या शेअर भांडवल नियमांतला नियम 12 वाचा. राजीनाम्यानंतरची मुदत कंपनीने ठरवायची आहे. न वापरलेल्या ऑप्शनच्या अटी विशेष ठरावाने बदलता येतात. बदल धारकांच्या हिताविरुद्ध नसावा, एवढंच बंधन.

त्याच नियमाने, नोकरीत असताना कर्मचारी मेला तर त्याला दिलेले सगळे ऑप्शन वारसांना मिळतात. जिवंत माणसाने राजीनामा दिला, की त्याने कमावलेलेही तुम्ही काढून घेता.

पिंटरेस्टने 2015 साली ही मुदत 7 वर्षांपर्यंत वाढवली. फोनपे फ्लिपकार्टपासून वेगळी झाली तेव्हा फ्लिपकार्टने ईसॉपधारकांना रोख भरपाई दिली. त्यामुळे हे जमत नाही, असं आम्हाला सांगू नका.

आमची मागणी अशी. व्हेस्ट झालेले ऑप्शन वापरायला किमान 5 वर्षं. ज्यांचे 90 दिवसांच्या अटीने बुडाले, त्यांना तेवढेच ऑप्शन परत किंवा त्यांची भरपाई. पुढच्या राउंडमध्ये संस्थापक शेअर विकणार असतील, तर त्याच भावाने आमच्याकडूनही खरेदी. आणि दरवर्षी प्रत्येक धारकाला लेखी माहिती: एकूण शेअर किती, ताजा भाव काय, पैसे वाटण्याची वेळ आली तर आमच्या आधी कोण.

शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तीही तुम्ही आजवर मानली नाही.

आमच्यातल्या काहींनी कर्ज काढून ऑप्शन वापरले. ते आज भागधारक आहेत. सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं पाहण्याचा त्यांना हक्क आहे, आणि ते तो बजावतील. गरज पडली तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे उभे राहतील. बाकीचे दिवाणी न्यायालयात जातील.

नवे गुंतवणूकदार कंपनीचे कागद तपासतील. आमची ग्रँट लेटरं, एचआरची उत्तरं आणि बुडालेल्या ऑप्शनची यादी तेव्हा त्यांच्या वकिलांच्या हातात असेल. हा तंटा मिटल्याशिवाय पैसे सोडायचे का, ते त्यांनी ठरवावं.

वकील नेमले आहेत. वर्गणी जमा आहे.

या पत्राच्या तारखेपासून 30 दिवस. त्या मुदतीत विशेष ठरावाची नोटीस निघाली पाहिजे. एचआरमार्फत निरोप नको. उत्तर संचालक मंडळाच्या सहीने द्या.