गावरानच हवं, पण रोज आणायचं कुठून?

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. तपासणीला नेलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन वाढायला हवं. रोज दोन अंडी द्या." घरी येऊन हे सांगायचा अवकाश, शेजारपाजारच्या सगळ्याजणींनी एकच धोशा लावला, "द्याल तर गावरानच हं! ती पोल्ट्रीची म्हणजे इंजेक्शनची अंडी." खोटं कशाला सांगू, माझंही तेच मत होतं.

आमच्याकडे गावरान अंडी मिळतात ती मंगळवारच्या बाजारात. वाडीवरची एक मावशी भुशात ठेवून आणते. फार तर आठ-दहा, आणि भाव पोल्ट्रीच्या दुप्पट. त्यातली उन्हाळ्यात एखाद-दोन नासकी निघायची. म्हणजे आठवड्याला चौदा अंडी द्यायची ठरलेली आणि लेकीच्या पोटात जात होती सहा-सात! कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र ट्रेच्या ट्रे रचलेले.

मावशीला म्हटलं, "जास्त का नाही आणत?" ती हसली. "ताई, आमची कोंबडी बारा-पंधरा अंडी घालती आन् खुडूक बसती. मशीन हाय का ती?" खरंच की! गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या आसपास. ती काही इंजेक्शनने नव्हे. निवडून तयार केलेली जात, मोजून दिलेलं खाद्य आणि रात्रीही दिव्याचा उजेड, यामुळे ती घालते. टोचतात ती रोगाची लस.

आता ताकदीचं. गावरान अंडं साधारण 40 ग्रॅमचं, पोल्ट्रीचं 50-55 ग्रॅमचं. प्रथिनं दोन्हीत सारखीच, मोठ्या अंड्यात सहा-एक ग्रॅम, लहानात त्याहून थोडी कमी. बलक केशरी दिसतो तो हिरवा पाला आणि किडे खाल्ल्यामुळे. अशा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वं जास्त असू शकतात, नाही असं नाही. पण अर्ध्याच अंड्यांवर भागवण्याइतका तो फरक नव्हे. आणि तपकिरी कवच बघून जास्त पैसे मोजणाऱ्या मैत्रिणींनो, कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. पोल्ट्रीतही तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबड्या असतात!

चवीला मात्र गावरानच. कालवणात लगेच कळतं. शिवाय पोल्ट्रीतल्या त्या पिंजऱ्यांत कोंबडीला पंखसुद्धा पसरता येत नाहीत, ते एकदा पाहिलं तेव्हा मलाही बरं वाटलं नव्हतं. पण लेकीच्या पानात अंडंच नसणं, हे मला त्याहून वाईट वाटलं. जिला दुप्पट भाव परवडत नाही, तिने 'गावरान मिळत नाही, मग नकोच' म्हणून गरोदर सुनेला अंड्यावाचून ठेवावं, हे कसलं शहाणपण?

आता मी दुकानातून ट्रे आणते. अंडं आधी पाण्यात सोडून बघते, बुडालं तर ताजं, तरंगलं तर बाहेर. आणि पूर्ण उकडूनच देते, अर्धंकच्चं नाही.

मावशीची अंडीही घेतेच, घासाघीस न करता. शेताचे पैसे धन्याच्या हातात जातात, कोंबडीचे तेवढे तिच्या कनवटीला राहतात. मागच्या मंगळवारी तिने सहा अंड्यांवर एक जास्तीचं ठेवलं, "लेकीला" म्हणून. पैसे द्यायला गेले तर रागावली.