दिवा सातला लागतो, नऊला मान टाकतो

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

आमच्या वस्तीच्या रस्त्याला सोलरचे सहा खांब आहेत. नारळ फुटला, फोटो निघाले, पाटी लागली. पाटी अजून चकाचक आहे. दिवे मात्र दोनच लागतात, तेही सातला लागून नऊला मान टाकतात.

भीमेच्या एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड. दोन्हीकडं ऊस आणि उसात बिबट्या. २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूतला लेकरं गेली, म्हातारं माणूस गेलं. त्यानंतर सगळीकडून एकच मागणी : लाईट द्या. मागणी रास्तच आहे. पण नवे खांब दोन वर्षांत असेच आंधळे होणार असतील, तर काय उपयोग?

दोष खांबाचा नाही, आतल्या बॅटरीकडं कुणी बघत नाही त्याचा आहे. पॅनलवर ऊस वाहतुकीचा फुफाटा बसला की बॅटरी अर्धीच भरते. लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ती कायमची अशक्त होते. पाण्याची असेल तर उन्हाळ्यात पाणी आटून प्लेटा उघड्या पडतात. त्यात पत्र्याची पेटी एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. हे एका रात्रीत होत नाही राव! महिन्यातून एकदा पॅनलवर फडकं मारा, डिस्टिल्ड वॉटर बघा, मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी वायर काढून थोडा वेळ थांबून मोजली तर साडेबाराच्या वर दाखवते. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

विचारलं की उत्तर तयार : "निधी नाही." नवीन घ्यायला निधी असतो, फडक्याला नसतो! (आपणही साव नाही. घरच्या इन्व्हर्टरचं पाणी शेवटचं कधी बघितलं?)

आणि जुन्या बॅटऱ्या गेल्या कुठं? भंगारात गेल्या तर ॲसिड ओढ्यात आणि शिशाचा धूर वस्तीवर. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर बसतं. तेच शिसं नीट कारखान्यात गेलं तर पुन्हा बॅटरी होते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत वापरणाऱ्यानंही जुनी बॅटरी वेगळी ठेवून गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच द्यायची आहे. शिवाय जुनी दिली की दुकानदार नवीच्या किमतीत सूट देतो. आपल्या गावाच्या जुन्या बॅटऱ्यांचे पैसे कुठल्या खात्यात जमा झाले?

पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न मी विचारणार आहे. सोबत प्रत्येक खांबाला नंबर आणि तपासणीची वही मागणार आहे. तोवर तुमच्या वस्तीवरचा खांब दोनदा बघा, रात्री आठला आणि पहाटे चारला. खाली कमेंटमध्ये गाव, वस्ती आणि दोन्ही वेळचं उत्तर लिहा. यादी घेऊनच जातो.