बाळाच्या पिठातलं घरानं खावं

सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी वेगळा कुकर, वेगळी पिठं, वेगळी खाण्याची वेळ, असं आता बहुतेक घरांतून दिसतं. त्यामागे हौस असते आणि मनापासूनची काळजीही असते. पण माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बाळासाठी जे पीठ भिजवाल, त्यातलंच घरातल्या सगळ्यांनी खावं. आणि हे जमवायला भाज्या घातलेल्या धिरड्याइतका सोयीचा पदार्थ मला तरी आपल्या स्वयंपाकघरात दुसरा दिसत नाही.

कोकणात घावन नि आंबोळी, गोव्यात पोळे, मराठवाड्यात धपाटे, बाकी सगळीकडे थालीपीठ. पीठ तव्यावर घालून खाणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यात सरसरीत पिठाचं धिरडं बाळाला जास्त मानवतं, कारण ते मऊ राहतं आणि धान्य, डाळ, भाजी, तूप हे सगळं एकाच घासात येतं. सहा महिन्यांनंतर नेमकी याचीच गरज असते. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचंच, पण एकट्या दुधावर आता भागत नाही. जन्मतः अंगात असलेला लोहाचा साठा याच सुमारास ओसरू लागतो. उष्टावण आपण थाटात करतो, चांदीच्या वाटीत खीर भरवतो, आणि मग पुढचे कितीतरी आठवडे बाळ भाताच्या पेजेवर नि वरणाच्या पाण्यावर राहतं. बाळाचं पोट केवढंसं! ते पाण्यानं भरलं तर अन्नाला जागा कुठे उरणार? वरणाचं पाणी नको, वरण द्या, हे बालरोगतज्ज्ञ कधीपासून सांगताहेत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी देशभरात फक्त 11.3 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं आढळलं. गरिबी हे त्याचं मोठं कारण आहेच. पण जिथे डबे भरलेले आहेत तिथेही मुलाच्या वाटीत रोज तेच ते दिसतं. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी अन्नाचे आठ गट मोजते आणि दिवसाला त्यातले किमान पाच पोटात जावेत असं सांगते. आता ज्वारी, मूगडाळ आणि लाल भोपळ्याचं धिरडं घ्या. धान्य, डाळ आणि अ जीवनसत्त्वाची भाजी असे तीन गट झाले. आईचं दूध हा चौथा. सोबत दोन चमचे ताजं दही दिलं की पाच. हे सगळं घरातल्या डब्यांतून निघतं.

पीठ असं करावं. अर्धी वाटी मूगडाळ दोन-तीन तास भिजवून बारीक वाटायची. त्यात वाटीभर ज्वारीचं पीठ आणि चमचा-दोन चमचे तांदळाचं पीठ घालायचं. नुसत्या ज्वारीचं धिरडं उलटताना मोडतं. डाळ आणि तांदूळ ते धरून ठेवतात. वाटीभर लाल भोपळा किंवा दुधी बारीक किसायचा, आणि सुटलेलं पाणी पिळून न टाकता त्याच पाण्यात पीठ सैल करायचं. मूठभर शेवग्याचा पाला देठ काढून बारीक चिरून घालायचा. थोडी जिरेपूड. पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की पीठ फुगतं, मग लागेल तसं पाणी. पळीतून सोडल्यावर पीठ आपणहून पसरलं पाहिजे, पण पाण्यासारखं पळता कामा नये.

तवा शक्य असेल तर बिडाचा घ्यावा. बिडाच्या तव्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तापलेल्या तव्यावर फिरवायचा, म्हणजे पहिलंच धिरडं चिकटून बसत नाही. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरून उडाला पाहिजे. मग आच मंद करायची आणि पीठ घालायचं. बाळाचं धिरडं जरा जाडसर, तळहाताएवढं घालून वर झाकण ठेवायचं. वाफेवर ते आतपर्यंत शिजतं आणि कडा कडक होत नाहीत. डाळीचं पीठ कच्चं राहिलं तर पोट दुखतं, म्हणून इथे घाई नको. उतरवल्यावर वर तूप घालायचं. एवढ्याशा पोटाला उष्मांक हवे असतात आणि तेवढ्यासाठी बाळाच्या खाण्यात तूप-तेल लागतंच. मग बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या. चिमटीत दाबली की पट्टी कुस्करली गेली पाहिजे. या वयात बाळ वस्तू मुठीत धरतं, मुठीतून बाहेर आलेला तुकडा चोखतं, चावतं. त्याला ताठ बसवून, कुणीतरी समोर बसूनच हे द्यायचं. कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे यांतलं काहीही बाळाच्या हाती लागता कामा नये. गाजर घालायचं तर किसून, दाणे घालायचे तर बारीक कूट करून. अंडं, गहू, शेंगदाणा हे पहिल्यांदा देताना एका वेळी एकच द्यावं, म्हणजे काही त्रास झाला तर कशानं झाला ते कळतं. अंगावर मोठा इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बाळाची दोन धिरडी निघाली की मग मीठ घालायचं. पहिल्या वर्षात वरून मिठाची, साखरेची गरज नसते, आणि मध तर अजिबात द्यायचा नाही. दोन-तीन वर्षांच्या भावंडासाठी चिमूटभर मीठ, हवं तर किसलेलं आलं. शेवटी राहिलेल्या पिठात मिरची-लसणाचा ठेचा, ओवा, कोथिंबीर. तीच पळी, तोच तवा, आणि मोठ्यांची धिरडी पातळ, जाळीदार, खरपूस. वेगळा स्वयंपाक कशाला? आजी-आजोबांचे दात नसतील तर त्यांनाही बाळाचंच मऊ धिरडं चालतं, वर मीठ भुरभुरून.

भाजी लपवून खाऊ घालण्याच्या युक्त्या हल्ली फार सांगितल्या जातात. पालक मिक्सरमधून काढा, बीट पिठात मुरवा, मुलाला कळूही देऊ नका! मला हे पटत नाही. जे मुलाला दिसलंच नाही, ते त्याच्या ओळखीचं कसं होणार? पाला चिरलेलाच राहू द्या, भोपळ्याच्या किसाचे तंतू दिसू द्या. पहिल्या दिवशी ते थुंकेल, दुसऱ्या दिवशी पट्टी जमिनीवर टाकेल. नवी चव रुजायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, कधी त्याहून जास्त. तोवर ओरडायचं नाही, कोंबायचं नाही, मोबाइल समोर धरायचा नाही, आणि आपण त्याच्यासमोर तेच खायचं.

हे ‘आपण खायचं’ कुठून सुरू होतं, ते फिलाडेल्फियाच्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं. ज्या आयांनी गरोदरपणी किंवा बाळाला पाजत असताना गाजराचा रस नियमित घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज जास्त सहज स्वीकारली. आईच्या खाण्याची चव बाळापर्यंत पोटात असल्यापासून पोहोचते, पुढे दुधातूनही. म्हणजे आईनं मेथी, शेवगा, भोपळा खाल्ला तर बाळाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

धिरड्यानं सगळं भागतं असं मात्र मी म्हणणार नाही. भाज्या-धान्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. तव्यावरून उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब पिळले तर ते शोषायला मदत होते; पिठात घालून शिजवलं तर लिंबातलं क जीवनसत्त्व बरंचसं जातं. अंडं-मासे खाणाऱ्या घरांनी ते बाळालाही द्यावेत. आणि आशाताई सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं जे औषध देतात, ते फडताळात पडू देऊ नये. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांत हे प्रमाण 54.2 टक्के होतं.

या दुसऱ्या आकड्यावर आपण कमी बोलतो. धिरडं गरम खायचं असतं, म्हणून करणारी तव्यापाशी उभी आणि बाकीचे पाटावर. बाळाला भरवून, भावंडाला वाढून, नवऱ्याला ‘अजून एक घेता का’ विचारून ती बसते तेव्हा भांड्याच्या तळाला पळीभर पीठ उरलेलं असतं, आणि कधीकधी तेही उद्यासाठी म्हणून ठेवलं जातं. जी बाळाला पाजते, तिलाच सर्वांत कमी मिळतं. म्हणून मीठ घातल्यानंतरचं पहिलं धिरडं आईच्या ताटात पडावं, आणि ती बाळाजवळ बसून ते खात असताना उलथनं दुसऱ्या कुणाच्या हाती असावं. बाबांना हे जमतं, दहा वर्षांच्या ताईलाही मोठ्यांच्या देखरेखीखाली जमतं. डाळ सकाळी भिजत घातली आणि भोपळा संध्याकाळी किसून ठेवला, तर चौघांची धिरडी अर्ध्या तासात होतात.