छतांतलें गाणें आणि घरांतलीं माणसें

वडखळास मुंबई–गोवा रस्त्याला फांटा फुटतो. एक वाट नागोठण्याकडे उतरते, दुसरी पोयनाडवरून अलिबागेस जाते. या दुसऱ्या वाटेच्या आसपास मुंबईकरांचे सुटीचे बंगले उठले आहेत व अद्याप उठत आहेत. अशा बंगल्यांच्या नकाशांत दिवाणखाना व शयनगृहें यांच्या जोडीला हल्लीं आणखी एक गोष्ट येऊं लागली आहे: खोलोखोलीं छतांत बसविलेले वाटोळे स्पीकर, आणि घरभर एकच गाणें. या प्रथेस सुखसोय म्हणतात. आम्ही तिला सक्ती म्हणतों. आणि तिचें मूळ जितकें हौशींत आहे त्याहून अधिक तारा जोडण्याच्या रीतींत आहे.

प्रथम या आवाजाचें कुळ पाहावें. अमेरिकेंत १९३४ सालीं ‘म्युझॅक’ या नांवानें तारेवरून गाणीं पुरविण्याचा धंदा निघाला, आणि लवकरच हॉटेलें, कचेऱ्या व कारखाने हेंच त्याचें मुख्य गिऱ्हाईक ठरलें. जेवणारानें खुशाल रेंगाळावें, कामगारानें पेंगूं नये, एवढाच हेतु. ऐकणाराची संमति विचारण्याचा तेथें प्रश्नच नव्हता. आपल्याकडे १९०२ पासून तबकड्या निघूं लागल्या, तेव्हां दोन-तीन मिनिटांच्या गाण्यासाठीं माणसें भोंग्यासमोर येऊन बसत. ज्याला ऐकावयाचें नसे तो उठून पडवींत जाई. १९२७ मध्यें मुंबईस नभोवाणी सुरू झाली. पुढें रेडिओ घरोघर आला, तरी त्याची जागा एका फळीवर ठरलेली असे. उठून जाण्याची ही मुभा कोणी कायदा करून दिली नव्हती; ती घराच्या रचनेंतच होती.

आतां तारांकडे वळूं. घरगुती स्पीकर बहुधा ८ ओहमचा असतो. ॲम्प्लिफायरच्या एकाच जोडणीवर असे दोन समांतर लावले कीं रोध ४ ओहमवर येतो, चार लावले कीं २ वर. आणि ४ च्या खालीं बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर तग धरीत नाहींत, तापतात व बंद पडतात. यावर स्वस्त तोड अशी कीं दोन-दोन स्पीकर एकामागें एक जोडावयाचे आणि त्या दोन जोड्या समांतर लावावयाच्या. हिशेब पुन्हां ८ वर येतो, यंत्र थंड राहतें, वायरमन मोकळा होतो. पण सारें घर मात्र एका दोरीस बांधलें जातें! एका खोलीची तार तोडली कीं तिच्या जोडीची खोलीही मुकी होते. तेव्हां खोलींत बटणच बसवीत नाहींत. आजीला जपास बसावयाचें आहे, नातवाची परीक्षा आली आहे, कोणाला निव्वळ डोळे मिटून पडावयाचें आहे. परंतु जोडणी म्हणते, ऐकाल तर सर्व ऐका. आणि ज्याच्या मोबाइलवर या गाण्याचा हुकूम चालतो तो गृहस्थ त्या वेळीं बागेंत फिरत असतो.

कोणी म्हणेल, कोपऱ्यांतून ओरडणाऱ्या एका पेटीपेक्षां चार ठिकाणांहून हळू येणारा आवाज बरा. यांत तथ्य आहे. आवाज सारखा पसरणें हा छतांतल्या स्पीकरचा खराखुरा गुण आहे. पण सारख्या पसरलेल्या आवाजापासून दूर जावयास घरांत जागा उरत नाहीं, आमची तक्रार तीच. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत सरकारनें शेजाऱ्याची काळजी वाहिली आहे: खाजगी यंत्राचा आवाज कुंपणाशीं त्या भागाच्या मर्यादेहून ५ डेसिबलांपेक्षां अधिक चढतां कामा नये. कुंपणाच्या आंतल्या माणसांना असा कोणी वाली नाहीं.

म्हणून ज्यांना स्पीकर हवेच आहेत त्यांनीं भिंतींस गिलावा होण्यापूर्वींच प्रत्येक खोलीची तार स्वतंत्रपणें एका कपाटापर्यंत आणवावी, तीही विजेच्या तारांहून वेगळ्या पाइपांतून. कोकणांतला पाऊस आणि माळ्यावरचे उंदीर उघड्या तारेची गय करीत नाहींत. खोलीगणिक ॲम्प्लिफायरची निराळी वाहिनी घ्यावी, नाहीं तर रोध जुळविणारा ट्रान्सफॉर्मर असलेलें बटण घ्यावें. खर्च वाढेल, पण फरशीसाठीं ज्यांनीं इटलीहून संगमरवर आणविला त्यांनीं या खर्चाची कुरकुर आम्हांस सांगूं नये. बटण दाराशीं, दिव्याच्या बटणाशेजारीं, लहान मुलाचा हात पोहोंचेल इतकें खालीं असावें. आणि ज्या खोलींत तें बसवितां येत नसेल त्या खोलीच्या छताला भोंकच पाडूं नये.