रुग्णाच्या घरचा कचरा आणि निरोग्यांचा उपदेश

दीर्घ आजाराने ज्या घरात कायमचा मुक्काम केला आहे, त्या घराने आपला शौचविषयक कचरा शून्यावर आणावा. डायपर, पॅड, प्लास्टिकच्या पिशव्या हा सारा पसारा आळसाचा व चंगळीचा समजून आजी-पणजींप्रमाणे जुन्या लुगड्या-धोतरांच्या फडक्यांवर भागवावे. आणि एवढे करूनही जे उरेल ते सोसायटीच्या सामाईक डब्यात न टाकता उपचार चालू असलेल्या इस्पितळात स्वतः नेऊन पोचवावे, असे मत पिंपरी-चिंचवडमधील मोशीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी गृहरचना संस्थेच्या सभेत नुकतेच मोठ्या आवेशाने मांडले. मत चुकीचे होते म्हणून मी लेखणी उचललेली नाही. त्याला टाळ्या पडल्या आणि ज्यांना उद्देशून ते होते ती माणसे खाली मान घालून बसली, म्हणून उचलली आहे.

मोशीत हे मत लोकांना सहज पटते, याचे कारण उघड आहे. साऱ्या पिंपरी-चिंचवडचा कचरा १९९१ पासून येथल्या ८१ एकरांच्या डेपोवर येऊन पडत आहे, आणि वारा फिरला की खिडक्या लावून घेणाऱ्या माणसाला कचरा कमी करा असे सांगणारा प्रत्येक जण आपला कैवारी वाटतो. कचरा कमी व्हावा हे मलाही मान्य आहे. तो कमी करण्याचा आरंभ घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंथरुणापासून व्हावा, हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

फडक्यांचा आग्रह प्रथम पाहू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मळलेले फडके आधी खळबळावे, मग साबणाने धुवावे, उकळत्या पाण्यातून काढावे आणि कडक उन्हात वाळवावे, असा त्याचा विधी आहे. त्यास पाणी लागते. आणि या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले, त्यापुढे मोशीच्या सोसायट्यांची भिस्त टँकरवर राहिली. त्यास ऊन लागते. दोन खोल्यांच्या सदनिकेच्या हातभर गॅलरीत पावसाळ्याचे चार महिने ते कोठून आणावे? त्यास माणूस लागतो. आणि घरातला कर्ता मुलगा चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी परततो, तेव्हा सून आपल्या नोकरीवर निघालेली असते. ज्या आजी-पणजींची साक्ष काढली जाते, त्यांच्या काळी ही फडकी कोण धूत होते, हे साक्ष काढणारे कधीच सांगत नाहीत. पहाटेच्या अंधारात, कोणाच्या दृष्टीस न पडता, घरातली धाकटी सून किंवा विधवा आत्या ती धूत असे. तिचे हात, तिची कंबर आणि तिची झोप यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिला गेला नाही, म्हणून ती पद्धती आज फुकटात पडलेली दिसते.

शिवाय त्या काळी हे रुग्ण जगतच नव्हते. मूत्रपिंडे निकामी झालेला आजचा रुग्ण पोटाच्या पडद्यावाटे होणारे डायलिसिस घरीच करतो. साधारणतः दिवसातून चार वेळा सुमारे दोन लिटर द्रावण पोटात सोडायचे आणि काही तासांनी बाहेर काढायचे, असा तो क्रम असतो. प्रत्येक खेपेस पिशव्या आणि नळ्या टाकून द्याव्याच लागतात, कारण तेथे निर्जंतुकतेत कसूर झाली तर पोटाच्या पडद्याला सूज येऊन जिवावर बेतते. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन ज्याच्या पोटावर शौचाची पिशवी लावलेली आहे, त्याला कोणते लुगडे पुरणार? या पिशवीमुळेच तो माणूस कामावर जातो, लग्नकार्याला जातो, चारचौघांत बसतो. तिला चंगळ म्हणणे ही निर्दयता आहे.

आता उरलेला कचरा इस्पितळात पोचवण्याची गोष्ट. इस्पितळाने बाहेरची पिशवी घ्यावी की न घ्यावी हे त्याच्या मर्जीवर. त्याने नकार दिला की ती पिशवी परतीच्या वाटेवरील ओढ्यात जाते. त्या सभेत कोणी हा कचरा आवारातच जाळून टाकण्याचा सल्ला दिला. परंतु वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीला पहिल्या कोठीत ८०० आणि दुसऱ्या कोठीत १,०५० अंशांच्या आसपास उष्णता सक्तीची आहे, आणि पालापाचोळ्याच्या आगीत प्लास्टिक जाळले तर त्याचा विषारी धूर शेजारच्या मुलांच्या छातीत जातो. मोशीत कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ पासून आहे, तेव्हा वेगळे करायचेच कशाला, असेही एक जण म्हणाले. घर आणि भट्टी यांच्यामध्ये माणसांचे हात असतात, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

हा वाद तसा जुनाच आहे. २०२० साली करोनाबाधितांच्या घरचा कचरा पिवळ्या पिशव्यांतून निराळा उचलण्याची तजवीज झाली, तेव्हाही पिशवीपेक्षा त्या दाराकडेच लोकांच्या नजरा अधिक वळत होत्या. परंतु सरकारी यंत्रणेने मनावर घेतले तर निराळा बंदोबस्त होऊ शकतो, हेही तेव्हाच दिसून आले.

घराचे कर्तव्य मी नाकारीत नाही. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्या आणि बाटली पाऊण भरताच चिकटपट्टीने बंद करून तीवर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे. कारण काविळीच्या ‘ब’ प्रकारचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो आणि कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटात सुई शिरली तर तिची वास्तपुस्त घ्यायला कोणीही जात नाही. डायलिसिसच्या पिशवीतले पाणी शौचकूपात ओतून मग ती टाकावी. डायपरमधील मळ शौचकूपात टाकून डायपर कागदात गुंडाळावा आणि शौचविषयक कचऱ्याची खूण म्हणून पुण्यात रूढ झालेला लाल ठिपका त्यावर द्यावा. अशा प्रत्येक नगाबरोबर गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याची अपेक्षा २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांकडून केली होती. तिची अंमलबजावणी मागण्याऐवजी आपण रुग्णाच्या बायकोकडे जाब मागतो.

पुढील सभेत मी ठराव मांडणार आहे: जिन्याखाली झाकणाचा, लाल खुणेचा एक स्वतंत्र डबा संस्थेच्या खर्चाने ठेवावा, तो उचलणाऱ्यांना जाड हातमोजे द्यावे, घंटागाडीत त्याला निराळा कप्पा मिळावा म्हणून महापालिकेकडे लेखी अर्ज करावा, आणि त्या डब्यात पडणाऱ्या कोणत्याही पिशवीवर सदनिकेचा क्रमांक लिहिण्याची सक्ती कोणावरही करू नये.