वाटसरूचा हक्क

अमेरिकेच्या पूर्व भागात डोंगरांमधून जाणारी ॲपलेशियन ट्रेल नावाची पायवाट आहे. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर. दरवर्षी काही हजार लोक ती सलग चालायची म्हणून निघतात. पाच ते सात महिने लागतात, बरेचसे मध्येच सोडतात. पाठीवर तंबू आणि चार-पाच दिवस पुरेल एवढाच शिधा. दिवसभर चढ-उतार करणाऱ्या शरीराला तो पुरत नाही.

जिथे ही वाट गाडीरस्त्याला छेदते, तिथे कधीकधी कुणीतरी गाडीची डिकी उघडून बसलेलं असतं. हॉट डॉग, फळं, थंड पेयं, घरी केलेला केक. पैसे घ्यायचे नाहीत, ओळखदेख नाही. चालणारे याला ‘ट्रेल मॅजिक’ म्हणतात आणि देणाऱ्यांना ‘ट्रेल एंजल’, म्हणजे वाटेवरचे फरिश्ते. यांत पूर्वी स्वतः ती वाट चाललेले पुष्कळ असतात, चर्चचे गट असतात, जवळपासच्या गावांतले लोक असतात. वाटेची काळजी घेणारी संस्था त्यांना बजावते की अन्न तसंच ठेवून निघून जाऊ नका, अस्वलं येतात; कचरा परत न्या. (आपल्याकडे नियाज आणि भंडाऱ्यानंतर रस्त्यावर उरणाऱ्या प्लेटा आठवून मला हा नियम फार पटला.)

ही रीत मला मनापासून आवडते. तरी एक गोष्ट खटकते. सहा महिने कामधंदा सोडून चालायला निघणं ज्यांना परवडतं, असेच बहुतेक लोक या वाटेवर असतात. पाठीवरची सॅक हेच त्यांचं ओळखपत्र. तसेच मळके कपडे, तशीच वाढलेली दाढी, पण सॅक नसलेला माणूस शहराच्या चौकात उभा राहिला, तर त्याच्यासाठी डिकी उघडेलच असं नाही. १९५५ साली एम्मा गेटवूड ही ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई ही वाट एकटीने एका हंगामात पूर्ण चालली. असं करणारी ती पहिली स्त्री. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. वाटेत अनेकांनी तिला जेवू घातलं, निजायला जागा दिली. काहींनी दारातूनच परत पाठवलं. पिशवी घेऊन दार ठोठावणारी म्हातारी त्यांना परक्या जागी अडलेली वाटसरू वाटली नसावी.

आपल्या परंपरेत याबद्दल एक स्पष्ट तरतूद आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत वाटसरू आहे. घरी तो सधन असला तरी वाटेत अडला असेल तर त्याचा हक्क मानला जातो. मला इथे ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. हक्क असेल तर देणाऱ्याने उपकाराचा आव आणायचं कारण नाही, आणि घेणाऱ्याने मान खाली घालायचंही नाही.

२०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून मजूर पायी निघाले, तेव्हा त्यांची वाट कटाडिनला जात नव्हती. महिना रमजानचा होता. रोजा धरलेली मुलं ठिकठिकाणी त्यांच्या हातांत पाणी, केळी, बिस्किटं देत होती. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ गुरुद्वाराच्या लंगरने तर दहा आठवड्यांत लाखो लोकांना जेवू घातलं. ज्यांना चालणं टाळता येत नव्हतं अशांना दिलेलं हे अन्न होतं. आणि त्याच उन्हाळ्यात काही वस्त्यांत भाजीवाल्याला आधी नाव विचारलं जात होतं. ते लोकही एरवी दानधर्म करणारेच असतील.

आता आषाढी वारी जवळ आली आहे. देहूतून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते. मार्गावर पाणी, चहा, केळी देणारे मुस्लिम तरुण दरवर्षी असतात. आपले कार्यकर्ते मला विचारतात, फलकावर काय लिहायचं? ‘हिंदू-मुस्लिम ऐक्य’ लिहू का?

माझं मत, फलकच नको. फोटो नको. पाणी घेताना वारकऱ्याला आपल्या चांगुलपणाचा साक्षीदार करू नये. आपल्यावर सतत संशय घेतला जातो, म्हणून काहीतरी सिद्ध करून दाखवावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. पण तहानलेल्या माणसाकडून पाण्याच्या बदल्यात ते प्रमाणपत्र मागणं मला पटत नाही.

आणखी एक सुचवतो. वारीसाठी घेतलेली पिंपं, पातेली, टेबलं परत करू नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजूर बायकापोरांसह, बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यासाठी रस्त्यावर सहसा कुणी मंडप टाकत नाही. कोणत्या फाट्यावर ते थांबतात ते आत्ताच विचारून ठेवा, आणि पिंपं तिथवर नेणारा टेम्पो कोण देईल तेही.