वाईनशिवाय फोंड्यू

फोंड्यू स्वित्झर्लंडचा. त्यात वाईन असते, म्हणून आपल्या घरांत तो वर्ज्य. पण वाईनच्या आंबटपणामुळे चीज एकजीव राहते. ते काम लिंबूही करते.

चीज मायक्रोबियल रेनेटचे आहे ना, हे पाकिटावर पाहूनच आम्ही घेतो. २०० ग्रॅम किसून २ चमचे कॉर्नफ्लोअर लावतो. १५० मिली पाण्यात २ चमचे लिंबूरस घालून मंद आचेवर चीज मूठमूठ सोडतो, उकळू देत नाही. त्यात पाव, उकडलेले बटाटे बुडवायचे.

नंतर गोड: १०० मिली गरम क्रीममध्ये २०० ग्रॅम चॉकलेट वितळवून केळी, खजूर.

दस्तरखानावर भांडे एकच. आपल्या समोरूनच खाण्याची सुन्नत मुले इथे सहज शिकतात.